ते पत्र माझंच होतं

आज दुपारी दादरला वकीलबाईंकडे गेले होते. बाळंतपणाच्या रजेवरून परतले आणि तिसऱ्याच आठवड्यात कंपनीने मला काढलं. कारण म्हणे ‘कामगिरी असमाधानकारक’.

पत्र वाचून बाई म्हणाल्या, “लिहिणारा बेरकी आहे हो. रजेचं नावसुद्धा काढलेलं नाही. कोर्टात जड जाईल.”

काय बोलणार, कपाळ! मी तिथे एचआरलाच होते. दोन वर्षांपूर्वी सुप्रिया बाळंतपणानंतर परतली, तेव्हा तिला काढायला हा मजकूर साहेबांच्या सांगण्यावरून मीच लिहिला होता. आता फक्त नाव बदललंय.

बाई म्हणतात, अशीच काढलेली दुसरी कुणी साक्षीला आली तरच केस उभी राहील.

मला मुलगी झाली तेव्हा सुप्रियाने अभिनंदनाचा मेसेज केला होता. मी साधं थँक्यूही पाठवलं नाही. सांगा, आता कुठल्या तोंडाने फोन करू?