अक्काचं आपोआप जाणारं उत्तर

अक्काचं दुकान म्हणजे जिन्याखालची जागा. एकाने वाकून आत शिरावं आणि दुसऱ्याने बाहेर उभं राहूनच बोलावं, एवढीच. आत शिलाई मशीन, खिळ्यांना टांगलेली चेनची भेंडोळी, डब्यांतून रनर, बकलं, हुक. दप्तरांपासून मोठ्या प्रवासी बॅगांपर्यंत जे उसवेल, अडकेल, ते तिच्याकडे यायचं. नवऱ्यामागे तिने हे काम हातात घेतलं. त्याच्यापेक्षा तिचा हात बरा, असं गिऱ्हाईकं म्हणायची. ती ते मन लावून ऐकायची.

पुढे गिऱ्हाईकं फोनवर निरोप पाठवू लागली आणि तिची पंचाईत झाली. पाय मशीनवर, हात बॅगेत, आणि फोन आपला वाजतोय. तिची सून एका दवाखान्यात रुग्णांना तपासणीची वेळ द्यायच्या कामावर होती. तिथे ती हेच सगळं फोनवर सांभाळायची. एका सुटीच्या दिवशी तिने सासूचा फोन हातात घेतला.

"आई, आता कुणी पहिल्यांदा निरोप पाठवला की उत्तर आपोआप जाईल. तुम्ही हातसुद्धा लावायचा नाही."

"आणि त्याला वाटेल, मीच लिहिलं?"

"वाटू दे की. नाव तुमचंच आहे."

मजकूर सुनेने लिहिला: 'नमस्कार. निरोपाबद्दल आभार. बॅगेचा फोटो पाठवा. कामाला दोन-तीन दिवस लागतात. घाई असल्यास "तातडीचं" असं लिहा.' शिवाय तिने तयार वाक्यं भरून दिली. नुसतं 'फ' दाबलं की 'फोटो पाहिल्याशिवाय काही सांगता येत नाही' हे अख्खं वाक्य हजर. 'प' दाबलं की दुकानाचा पत्ता. राहिलेल्या कामाला लाल खूण, झालेल्याला हिरवी.

"नसती थेरं," असं अक्का म्हणाली खरी, पण हळूहळू तिला त्याची गोडी लागली. मुलाने 'जेवलीस का?' विचारलं तर चुकीचं अक्षर दाबून त्यालाही 'आपलं काम तयार आहे, घेऊन जावं' हे तयार वाक्य गेलं. मुलाने ते साऱ्या नातेवाइकांना दाखवलं.

साऱ्या म्हणजे धाकटी सोडून. अक्काला एक धाकटी बहीण होती. नवऱ्याचं घर सोडून ती एकदा अक्काच्या दारात आली होती. अक्काने तिला जेवू घातलं, अंथरूण दिलं आणि सकाळी म्हणाली, "फार ताणू नकोस, तुटेल. परत जा." धाकटी गेली, पण परत नाही, दुसऱ्या गावी जाऊन एका छापखान्यात नोकरीला लागली. आई गेली तेव्हा दोघी शेजारी शेजारी उभ्या होत्या, परक्यासारख्या. पुढे फोन नाही, निरोप नाही. ताठा दोघींचाही सारखाच, एकाच आईकडून आलेला.

त्या दिवशी दुपारी अक्का एका जाड कापडी बॅगेची मूठ शिवत होती. फोन वाजला, थोड्या वेळाने परत वाजला. दोरा तोडून तिने पाहिलं. नंबर अनोळखी, आणि पडद्यावर शेवटचा शब्द तेवढा दिसत होता: 'तातडीचं.'

घाईवालं गिऱ्हाईक, असं म्हणून तिने 'फ' दाबलं.

थोड्या वेळाने फोटो आला. बॅग नव्हती. एका बाईचा चेहरा होता, केस पिकलेले, चष्मा नाकावर उतरलेला. खाली लिहिलं होतं: 'झिजलेय. फाटलेली नाही.'

हा काय चावटपणा, असं अक्काच्या मनात आलं. चेहरा आईसारखा दिसतोय हे तिला त्यानंतर जाणवलं. तिने बोटाने पडदा वर सरकवला. सगळ्यात वर होतं: 'अक्का, कशी आहेस?' त्याखाली तिचं स्वतःचं उत्तर: 'निरोपाबद्दल आभार. बॅगेचा फोटो पाठवा.'

इतक्या वर्षांनी बहिणीने हाक मारली आणि तिने बॅग मागितली. अक्काला हसू फुटलं आणि तसंच विरलं. मूठ शिवलेली बॅग न्यायला आलेला माणूस बाहेर उभा होता. "झालं का?" तो म्हणाला. "बसा जरा," ती म्हणाली. बाहेर बसायला काही नव्हतं.

ती लिहायला लागली, पुसलं. माइकचं बटण दाबून बोलायला गेली, तर घसा खाकरण्याचा तेवढा आवाज भरला गेला, तोही पुसला. शेवटी जमेल ते केलं. 'प' दाबलं. पत्ता गेला. त्यामागून तिने स्वतःच्या बोटांनी एकच शब्द लिहिला: 'ये.'

धाकटी दुसऱ्या दिवशीच आली. छापखान्याने इथे नवी शाखा काढली होती आणि तिला इकडे पाठवलं होतं. फोन नंबर तिला दुकानाच्या पाटीवरून मिळाला होता.

"पाटी वाचलीस, मग आत का नाही आलीस?" अक्काने विचारलं.

"तू मशीनवर होतीस. आणि तुझं तोंड नेहमीसारखंच होतं."

"कसं?"

"कुणालातरी परत पाठवायला निघाल्यासारखं."

अक्काने मान खाली घालून कुणाच्या तरी बॅगेतला जुनी शिवण उसवायला घेतली. उसवता उसवता म्हणाली, "तेव्हा मला दुसरं काही सुचलं नाही."

"मला तरी कुठे सुचत होतं," धाकटी म्हणाली, "म्हणून तर तुझ्याकडे आले होते."

तेवढ्यावर काही मिटलं नाही. पुढच्या आठवड्यात दोघी कडाडून भांडल्या. चेन बदलायला आलेली एक बाई घाबरून बॅग तशीच ठेवून गेली. भांडण संपल्यावर धाकटीने दोघींसाठी चहा आणला. तो गार झाला होता, तरी दोघींनी प्यायला.

नंतरच्या सुटीला अक्का धाकटीच्या भाड्याच्या खोलीवर गेली. खोली वरच्या मजल्यावर होती, खिडक्या मोठ्या आणि उघड्या. "समोरच्यांना सगळं दिसतं," अक्का म्हणाली आणि कनवटीची मापाची फीत काढली. धाकटीने खुर्ची धरली. अक्का वर चढली आणि पडद्याचं माप घेऊ लागली.