उन्हाच्या तिरिपेत

एसटी स्टँडवरच्या स्वच्छतागृहात शिरताच फिनेलचा वास आला, म्हणून मी नाकावरची ओढणी खाली घेतली. आपलं असंच असतं. दुर्गंधी आली की नाक झाकायचं, फिनेल दरवळलं की निर्धास्त व्हायचं. आईची केमो चालू होती, तिनं मात्र मास्क काढला नाही.

तेवढ्यात एक बाई फ्लश करून बाहेर पडली. तिच्यामागे उघड्या राहिलेल्या दारातून दिसलं, झरोक्यातून आलेल्या उन्हाच्या तिरिपेत भांड्यातले बारीक तुषार वर चढत होते. सोनेरी होऊन ते तरंगत राहिले. तिरिपेबाहेर गेले की दिसेनासे व्हायचे, पण हवेतच असायचे.

"किती सुंदर दिसतंय गं," आई म्हणाली.

अशी जंतूंनी भरलेली हवा मी आजवर छातीभर घेत आले आणि मला काही झालं नाही. माझ्या आत कुणीतरी रोज माझ्यासाठी लढत होतं आणि मला त्याचा पत्ताही नव्हता. आईच्या आतले लढणारे सध्या थकले होते.

आईनं मास्क नाकावर दाबला, नदीत बुडी मारण्याआधी घेतात तसा श्वास भरून घेतला आणि ती त्या सोनेरी धुक्यात शिरली. ती बाहेर येईपर्यंत मीही श्वास रोखून उभी राहिले.