मार्गदर्शक बदलायचा ठराव

डेअरीवर दूध घालून, रिकामी किटली घेऊन माणूस सरळ घरी गेला, असं आमच्या गावात कबड्डीच्या मोसमात होत नसे. दुधाची रांग संपली तरी ओट्यावर पंधरा-वीस जण बसून असायचे. चढाईला कोणाला पाठवायला हवं होतं, कोण कोपऱ्याला उभं राहायच्या लायकीचा नाही, ओतूरकडचा एखादा पोरगा आपल्याकडे ओढता येईल का, यावर अंधार पडेस्तोवर बोलणं चालायचं. यातल्या बहुतेकांनी मैदानावर पाय ठेवला असेल तो नारळाचा प्रसाद घ्यायला. हा ओटा वेळेआधी रिकामा झाल्याचा मला एकच दिवस आठवतो. त्या दिवशी मी तिथे होतो, आणि माझ्या काखेत मंडळाची वही होती.

मी संघाचा सचिव होतो. जुन्नरला कॉलेज करून बी.ए. झालो होतो. आमच्या घरात त्याआधी कोणी दहावीची पायरी चढलं नव्हतं. याचा मला अभिमान होता, आजही आहे, तो लपवावा असं कधी वाटलं नाही. जिल्ह्याच्या संघटनेला अर्ज करायचे, खेळाडूंची यादी पाठवायची, सभेचा वृत्तांत लिहायचा, या कामाला माणूस लागतो. गावातल्या मोठ्या घरांतली पोरंही शिकलेली होती, पण लिहायला बसवलं की त्यांना कामं निघायची. म्हणून मी.

आम्ही बौद्ध. आमची वस्ती ओढ्याच्या पलीकडे. हे आत्ताच सांगून टाकतो, कारण पुढे जे झालं त्यात एवढं सोडून बाकी सगळं बोललं गेलं.

संघाचे मार्गदर्शकही आमच्याच वस्तीतले. धंद्याने गवंडी, म्हणून सगळा गाव त्यांना मिस्त्री म्हणे. तरुणपणी पुण्याला एका कारखान्यात लागले होते, कारखान्याच्या संघातून खेळले होते. कारखाना बंद पडला तसे गावी आले आणि थापी हातात घेतली. मी अकरावीला असताना त्यांनी शाळेमागच्या पडीक जागेवर पोरं गोळा केली. दिवसभर कुणाच्या तरी भिंतीला प्लास्टर करून आलेला हा माणूस संध्याकाळी लाइनदोरी ताणून मैदान आखायचा. तेरा बाय दहा. चारी बाजू झाल्या की कोपऱ्यातून कोपऱ्यात दोरी धरून बघायची, मग रेघेवर चुन्याची फक्की. "रेघ वाकडी आसली की पोराचा पाय वाकडा पडतो," असं म्हणायचे.

गावातली सोळा-सोळा वर्षांची पोरं त्यांना "ए मिस्त्री, उद्या येनार हायेस का?" असं विचारायची. आम्ही ओढ्यापलीकडचे तेवढे मामा म्हणायचो. मोसमाच्या पहिल्या दिवशी मधल्या रेघेवर नारळ फुटायचा. तो डेअरीचे चेअरमन फोडायचे. चेअरमन नसले तर त्यांचा भाऊ. एकदा दोघेही गावात नव्हते, तर पोल्ट्रीवाल्याला मोटरसायकलवर घालून आणलं होतं. मिस्त्री फक्कीचं घमेलं धरून बाजूला उभे. आमच्यात नारळ फोडत नाहीत हे खरं, पण त्यांना विचारलं आणि त्यांनी नको म्हटलं, असंही कधी झालेलं नव्हतं. मी सहा वर्षं खेळलो, चार वर्षं सचिव होतो. दहा वर्षं हे बघत होतो आणि मला ते खटकत नव्हतं.

संघ जिंकला की पोरं जिंकायची. हरला की मिस्त्री हरायचा. पिंपरी पेंढारची ढाल आली तेव्हा पोरांची जीपमधून मिरवणूक निघाली. डिंगोऱ्याला जिंकलो तेव्हाही. मग एका वर्षी अवसरी बुद्रुकच्या यात्रेतल्या स्पर्धेत उपांत्य सामना दोन गुणांनी गेला, आणि ओट्याला विषय मिळाला. त्या सामन्यात मिस्त्रींनी चेअरमनच्या पुतण्याला बाहेर बसवलं होतं.

"पुतण्याला बसावला तितंच मॅच गेली," पोल्ट्रीवाला म्हणाला. ओट्यावरचा सगळ्यात मोठा जाणकार हा. कबड्डी खेळलेला नव्हता, पण त्याच्या पोल्ट्रीत टीव्ही होता.

"तीन दिवस सरावाला नव्हता तो," मी म्हणालो.

"बारशाला गेलता. मानसाला पावणंरावळं आसत्यात का न्हाई?"

"तीन दिवस बारसं?"

"सचिव, हजेरी तुमच्या कॉलेजात. हितं खेळ लागतो."

ट्रॅक्टरवाला तंबाखू मळत होता. "मिस्त्री जुनं खेळवतो राव. नुसतं धर आन दाब. दुनिया कुटं गेली आता."

"कुठं गेली?"

"लई म्होरं."

त्याच हिवाळ्यात शेठ आले. आमच्या गावचे जावई. हायवेच्या कडेला प्लॉट पाडून विकत मोठा झालेला माणूस. त्यांनी संघ दत्तक घ्यायचं बोलून दाखवलं. खेळायला मॅट, पोरांना ट्रॅकसूट, बाहेरचे चार खेळाडू आणि पुण्याचा कोच. संघाला त्यांच्या वडिलांचं नाव लावायचं, एवढीच अट. ओट्याला महिनाभराचं काम मिळालं.

"चार खेळाडू भायेरचे, म्हंजे आपली चार पोरं भायेर," ट्रॅक्टरवाला म्हणायचा.

"कप तर गावात येतोय ना?" पोल्ट्रीवाला.

"कप येईल. जीप भरून येनार, मटण हाननार, कप उचलनार, जीप भरून जानार. आपली पोरं पान्याच्या बाटल्या भरत्याल."

"भरू दे की. घरी तरी काय करत्यात?"

"आन नाव? शेठचा बाप आपल्या गावात कदी चहा तरी प्याला का?"

"जावयाचा बाप हाय त्यो. आता जावयाला न्हाई म्हनायचं का?"

जावयाला नाही म्हणायचं कसं, इथे प्रत्येक वाद येऊन थांबायचा. मग गाडी मिस्त्रींवर यायची. एकदा पोल्ट्रीवाला म्हणाला, "येवढा शेठ मॅचला येनार. म्होरं खुर्च्या मांडनार. शेठ, त्येच्या शेजारी चेअरमन, आन त्येच्या शेजारी..."

तो थांबला.

"त्यांच्या शेजारी कोण?" मी विचारलं.

"न्हाई, फोटोला बरं दिसलं पायजे, येवढंच म्हनतोय मी."

कोणी हसलं नाही. कोणी तरी मॅटचा विषय काढला.

आठ दिवसांनी चेअरमननी मला त्यांच्या पडवीत बसवून चहा पाजला. "मिस्त्रीला जरा मोकळा करू," म्हणाले. "पर वाईट दिसाया नको. तुज्यावानी लिवणारा आख्ख्या पंचक्रोशीत न्हाई. कायतरी नीट शब्दात लिव. त्येची सही आली की झालं."

खोटं कशाला सांगू, हे ऐकून मला बरं वाटलं. पंचक्रोशीत माझ्यासारखा लिहिणारा नाही, हे ओढ्याअलीकडच्या पडवीत बसून ऐकायला मिळालं होतं. घरी आलो, ठरावाची वही उघडली आणि झोकात लिहिलं: 'मंडळाचे मार्गदर्शक वयोमानामुळे स्वेच्छेने जबाबदारीतून मुक्त होत असून, त्यांच्या सेवेबद्दल मंडळ त्यांचे ऋणी राहील.' एक खाडाखोड नाही.

'वयोमानामुळे' हा शब्द चेअरमननी सांगितला नव्हता. शेठनीही नाही. तो माझा शब्द. बी.ए.ला माझा विषय मराठी होता.

दुसऱ्या दिवशी वही घेऊन गेलो. मिस्त्री एका बंगल्याच्या मागच्या भिंतीला प्लास्टर करत होते. हात सिमेंटचे होते, म्हणून म्हणाले, "तूच धर." मी त्यांच्या डोळ्यांपुढे वही धरून उभा राहिलो. ते ओठ हलवत, एकेक शब्द लावत वाचत होते.

"कुनी लिवलं?"

"मी."

"अक्षर चांगलं हाय तुजं. पयल्यापासून." मग भिंतीकडे बघत म्हणाले, "माजं वय किती, म्हायती हाय का?"

मी वही खाली घेतली.

"त्रेचाळीस. चेअरमन चवथीपतुर माज्याच वर्गात व्हता. त्यो आजून चेअरमन हाय."

"मामा, नुसता शब्द आहे तो. सगळीकडे असंच लिहितात."

"आसंल." त्यांनी थापी उचलली. "मला काय धरून बसायचं न्हाई. सोडतो. पर खरं कारन लिवून आन, त्येच्यावर सही करतो."

त्यांचा आवाज चढला नव्हता. मी वही मिटली. परत येताना मला त्यांचाच राग येत होता. सही करून टाकली असती तर यांचं काय जात होतं? गावाकडे वळेपर्यंत तो राग फिरला आणि जिथे जायला हवा होता तिथे गेला.

संध्याकाळी तसाच डेअरीवर गेलो. रांग होती. पोल्ट्रीवाला, ट्रॅक्टरवाला, रोजचे सगळे ओट्यावर. चेअरमन आत वजनकाट्याजवळ. मी वही उघडली, पेनचं टोपण काढलं.

"मिस्त्री सही करायला तयार आहेत," मी म्हणालो. "फक्त खरं कारण लिहा म्हणतात. सांगा, लिहून घेतो."

आधी कोणाला कळलंच नाही. मग एक जण म्हणाला, "लिव की, संघ हारतो म्हनून."

"गेल्या दोन वर्षांत तीन ढाली आल्यात. याच वहीत लिहिल्यात. वाचून दाखवू?"

"मग पुतण्याला बसावला म्हनून लिव," पोल्ट्रीवाला म्हणाला.

चेअरमन आतूनच बोलले, "आमच्या पोराचं नाव वहीत कशाला?"

"मग काय लिहू? फोटोला बरं दिसत नाही, असं लिहू?"

आत कोणी तरी कॅनमध्ये दूध ओतत होतं, तेवढाच आवाज. ट्रॅक्टरवाल्याने तोंडातली तंबाखू थुंकायच्या निमित्ताने मान वळवली. ज्या ओट्यावर महिनाभर मिस्त्रींच्या खेळवण्याची चिरफाड झाली, त्यांनी कोणाला कधी उठवलं आणि कधी बसवलं याचा पाढा वाचून झाला, तिथे एक ओळ सांगायला माणूस मिळेना. कारण सगळ्यांना माहीत होतं. मलाही होतं. मी तरी ते मोठ्याने कुठे म्हणालो? मी पेन धरून उभा राहिलो, वाटलं दुसरं कोणी तरी म्हणेल.

चेअरमन बाहेर आले. "सचिव, वही ठिव घरी," म्हणाले. "कशाला कागूद वाढवायचा."

एकेकाने किटली उचलली. रांग अजून संपायची होती आणि ओटा रिकामा झाला होता.

ठराव झाला नाही. त्याची गरजही पडली नाही. शेठनी वडिलांच्या नावाने नवंच मंडळ काढलं. सचिव त्यांच्या ऑफिसातला माणूस. आमची पोरं तिकडे गेली. त्यांना दोष देत नाही, त्यांना खेळायचं होतं. जुनं मंडळ कोणी बंद केलं नाही, मिस्त्रींना कोणी काढलं नाही, मलाही कोणी काही म्हटलं नाही. बोलावणं तेवढं यायचं थांबलं. वही अजून माझ्याकडे आहे. शेवटच्या पानावर तो ठराव माझ्या सुंदर अक्षरात, खाली सहीची जागा कोरी. वहीप्रमाणे पाहिलं तर आजही मार्गदर्शक तेच.

पुण्याचा कोच आला तो सव्वीस वर्षांचा होता. पहिल्याच दिवशी तो 'सर' झाला. "सर, तुमी चहा घ्या, सर, तुमी बसा." तीच पोरं.

मग मॅट आली, आणि कळलं की ती तशीच मातीवर पसरून चालत नाही. खाली सिमेंटचा सपाट कोबा हवा. कुठे जरा जरी उंच-सखल राहिलं तरी पाय मुरगळतो. असलं काम करणारा हात आजूबाजूला एकच होता. निरोप गेला.

मिस्त्री आले. मी बघायला गेलो तेव्हा त्यांनी शाळेमागच्या त्याच जागेवर चारी बाजूंना खुंट्या मारून दोरी ताणली होती, आणि वाकून कोपऱ्यातून कोपऱ्यात माप धरत होते.

"मामा, तुम्ही इथं कशाला आलात?"

"कामाला बलावलं, आलो."

"नाही म्हणायचं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुला लिवायला बलावलं, तवा तू म्हनला व्हतास का न्हाई?"

त्यांनी पाण्याने भरलेल्या लेव्हलच्या नळीचं एक टोक माझ्या हातात दिलं. "धर तिकडनं. हालवू नको." मी पलीकडच्या खुंटीशी जाऊन नळी धरून बसलो. दुपारपर्यंत धरून होतो.

मोसम सुरू झाला. नारळ चेअरमननी फोडला, शेजारी शेठ, शेजारी सर, फोटो चांगला आला. ओट्यावर पुन्हा चर्चा बसू लागली. सर सारखाच टाइम आऊट घेतो, बाहेरचा चढाईवाला गुडघा धरून बसतो, शेठ पुढच्या साली टिकतो का बघा. पोल्ट्रीवाल्याचं एक म्हणणं, ट्रॅक्टरवाल्याचं दुसरं. एका गोष्टीवर मात्र मी तिथे कधी दोन मतं ऐकली नाहीत.

"कोबा लई भारी झालाय. पानी वतलं तरी जाग्यावरनं हालत न्हाई."

"मिस्त्रीच्या हाताला तोड न्हाई राव."