शेऱ्यातला एक इंग्रजी शब्द

"बाईंच्या डोक्यात आलं वाटतं पुन्हा," घंटेची दोरी सोडत शिपाई पुटपुटला. मला ऐकवायचं नव्हतं त्याला. पण व्हरांड्यात मी उभी होते.

शाळा सातला भरली होती आणि साडेसातला सुटली होती. मागच्या बाकावरच्या कोळ्यांच्या मुली पाट्या तिथेच टाकून समुद्राकडे पळाल्या.

अशा मुख्याध्यापिका तुम्हीही पाहिल्या असतील. विधवेच्या लाल आलवणातल्या, पदर कपाळापर्यंत ओढलेल्या, सदा दमलेल्या आणि तरी कधी न बसणाऱ्या. आमच्या बाई वर्गात आल्या की आधी हजेरी घेत नसत. मागच्या बाकाकडे हनुवटी उचलून विचारत, "काय गो, पाणी कुठवर?"

"उतरतंय, बाई. आय खडकावर गेली हाय."

बाई खडू ठेवून देत. "मग जा. बाराला या. कविता थांबेल, कालवं थांबायची नाहीत."

अमावास्या-पुनवेनंतरचे तीन-चार दिवस सकाळी समुद्र फार आत जातो, खडक उघडे पडतात. कोळणी कालवं काढायला जातात आणि लेकी हाताशी लागतात. तेवढे दिवस बाई शाळा लवकर सोडत, दुपारी पुन्हा भरवत आणि दिवेलागणीपर्यंत शिकवत. एक तासही बुडत नसे. हजेरीपटावर मात्र कारण म्हणून नुसती तिथी लिहीत: द्वितीया, तृतीया. ओहोटीवर जगणाऱ्याला तेवढं पुरे.

इन्स्पेक्टरसाहेब देशावरचे. ते अशाच एका सकाळी आठला आले. शाळा ओस. पटावर तिथ्या पाहून त्यांना वाटलं, बाई मनाला येईल तेव्हा व्रताची सुट्टी देतात. शेरेवहीत इंग्रजीत शेरा लिहून ते निघून गेले.

बाई ती वही घेऊन माझ्याकडे आल्या. मी मुंबईच्या इंग्रजी शाळेत शिकलेली, वर्षभरापूर्वी त्यांच्या हाताखाली शिकवायला लागलेली. एका शब्दावर बोट ठेवून म्हणाल्या, "हे काय गं?"

शब्द होता 'कॅप्रिशियस'. घरी जाऊन वडिलांचा जाड कोश काढला. दुसऱ्या दिवशी बाईंना सांगितलं की हा शब्द इटलीकडचा. त्यात 'डोकं' आहे आणि साळिंदरासारखं एक लहान काटेरी जनावर आहे. भीतीनं अंगावर शहारा येऊन डोक्यावरचे केस काट्यांसारखे उभे राहतात, तो मूळ अर्थ. पुढे लोकांना त्यात शेळीच्या अवचित उड्या दिसू लागल्या. आता अर्थ उरला तो एवढाच, की मनात एकदम काही येतं आणि माणूस तसं करून बसतं.

बाईंनी पदरावरून केशवपन केलेल्या डोक्याला हात लावला. "माझ्याकडे केस कुठे आहेत उभे राहायला?"

मला हसू आवरलं नाही. त्याही थोड्या हसल्या. मग भिंतीला टेकून म्हणाल्या, "शाळेची कमिटी मला ठेवायचं की नाही ते ठरवणार आहे. मी बोलले तर ती सबब होईल. तुला विचारतील, तेव्हा तिथ्यांचं तू सांग."

कमिटीत बागायतदार होते, वकील होते. कोळीवाड्यातलं कोणी नव्हतं. अध्यक्षांनी वही माझ्यापुढे सरकवली. "पोरी, याचा अर्थ काय?"

"लहरी."

"म्हणजे बाई मनाला येईल तसं वागतात?"

"शब्दाचा अर्थ तसा होतो."

बाई माझ्याकडे पाहत होत्या. मी टेबलावरचे शाईचे डाग पाहत राहिले. इतक्या पुरुषांपुढे मी कधी बोलले नव्हते. "आणखी काही सांगायचंय?" असं विचारून अध्यक्षांनी वही मिटली.

महिन्याभरात बाई भावाकडे पेणला निघाल्या. धक्क्यावर मी त्यांची ट्रंक होडीत ठेवली. रागाचं एक अक्षर नाही. "मागचा बाक सांभाळ," एवढंच म्हणाल्या.

मला तो सांभाळता आला नाही. नव्या बाई घड्याळाच्या पक्क्या. मुली आधी द्वितीया-तृतीयेला गैरहजर राहू लागल्या, मग पटावरून नावं कमी झाल्यावर आल्याच नाहीत. दोन वर्षांनी पेणहून बाई वारल्याचं कळलं.

त्याच वर्षी दुसरे इन्स्पेक्टर आले. "हा बाक रिकामा का?" त्यांनी विचारलं.

"त्या लोकांना शिक्षणाची आवड नाही, साहेब," नव्या बाई म्हणाल्या.

मी उभी राहिले.

"आवड होती, साहेब. आधीच्या बाई ओहोटी पाहून शाळेची वेळ ठेवत, म्हणून त्या मुली येत. कमिटीनं विचारलं तेव्हा मला हे ठाऊक होतं. मी नुसता शब्दाचा अर्थ सांगितला."