मुतखडा नव्हताच

ही गोष्ट मी अजून कुणालाच सांगितलेली नाही. नवऱ्याला अर्धी ठाऊक आहे — पूर्ण कुणालाच नाही. आज लिहूनच काढते.

चाकणच्या एका कंपनीत मी तपासणीला आहे. पार्टवर केसाएवढा ओरखडा दिसला तरी सुपरवायझरशी भांडून बाजूला काढते. अशी मी कडक! आणि घरात?

गर्भाशयाच्या तोंडाशी खराब पेशी निघाल्या म्हणून माझी पिशवी काढली. वाटलं, सुटले. कुठलं काय! तीन वर्षांनी तपासणीत योनीच्या आत, पार वरच्या टोकाला, डाग सापडले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कॅन्सर नाही, पण असंच सोडलं तर होऊ शकतो. लेझरनं ते डाग जाळले, संध्याकाळी घरी आले. पण त्या जागेचं नाव आमच्या कुरुळी गावात कुणापुढं काढायचं — जीभच उचलेना. सांगून टाकलं, मुतखडा होता, लेझरनं फोडला.

माझी धाकटी जाऊ नंदा शेजारच्याच घरात राहते. खडा परत होऊ नये म्हणून तिनं महिनाभर कुळथाचं कढण करून आणलं, कडीच्या डब्यातून, गरम गरम. मी ते प्यायले. रोज. लाज कशी वाटली नाही मला?

पुढच्या वर्षी नंदाचीही पिशवी काढली. कारण तेच, खराब पेशी. एका दुपारी मेथी निवडताना तिनं विचारलं, "अक्का, पिशवी गेली तरी तपासाया बोलावलंय. जायाला पायजे व्हय?"

जायलाच पाहिजे, हे माझ्याइतकं कुणाला माहीत होतं? पण हो म्हटलं असतं तर तिनं विचारलं असतं, तुमाला कसं ठावं? आणि माझा मुतखडा उघडा पडला असता. म्हणून मी — मी म्हटलं, "पिशवीच नाही तर तपासायचं काय? काही गरज नाही." आणि मेथी निवडत राहिले.

माझ्या शब्दावर ती दोन वर्षं गेली नाही. मी मात्र दर सहा महिन्यांनी गुपचूप जात होते!

शेवटी एकदा डॉक्टरीणबाई सहज म्हणाल्या, "वेळेवर येता, ते बरं करता." मला नंदा आठवली. दुसऱ्या दिवशी शिफ्ट बुडवली नि नंदाला घेऊन गेले — कंपनीतल्या शिबिरात आत्ताच कळलं, अशी आणखी एक थाप मारून. तिलाही डाग निघाले. लेझर झालं. काल तिच्या नंतरच्या तपासणीचा रिपोर्ट आला. स्वच्छ! मी मोरीत जाऊन ढसाढसा रडले, मग हसूच येत राहिलं. केवढं हलकं वाटलं म्हणून सांगू!

आता ती साऱ्या आळीला सांगत सुटलीय, "अक्कानं हाताला धरून नेलं, म्हनून वाचले."

कढणाचा तो डबा अजून माझ्याकडंच आहे. भांडं रिकामं परत करायचं नाही, आपली रीत. आणि त्यात घालायचं काय, ते इतकी वर्षं सुचत नव्हतं. उद्या हा कागद घडी करून आत ठेवते आणि देऊन येते.