मामाजींचं पेटंट

आमच्या मामाजींच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या मामांच्या, पोटात आजवर अन्नाखेरीज काहीही राहिलेलं नाही. प्रताप नगरातल्या घराच्या पोर्चमध्ये ते सतत काहीतरी बनवत असतात आणि पुरतं बनण्याआधीच दाखवत असतात. कुलरमधलं पाणी संपलं की शिटी वाजावी, ही युक्ती त्यांनी दूधवाल्यापासून पोस्टमनपर्यंत सगळ्यांना ऐकवली आणि त्या मे महिन्यात अख्खी गल्ली शिट्या मारत होती. "दाखवल्याबिगर मले पुढचं सुचतच नाही गा," ते म्हणतात.

मी पेटंटचे अर्ज लिहिण्याचं काम करतो. त्यामुळे त्यांनी सुक्या मिरचीचे देठ काढणारं यंत्र करायला घेतलं, तेव्हा मी हात जोडले. "मामाजी, अर्ज जाईपर्यंत कुणाला दाखवू नका. चारचौघांनी पाहिलं की कायदा विचारतो, यात नवं ते काय?" त्यांनी बिचाऱ्यांनी दार लावून घेतलं. शेजारीण विचारी, "काय करून राहिले जी?" आणि दाढ दुखत असल्यासारखा चेहरा करून ते म्हणत, "काही नाही वं." त्यांचं जेवण कमी झालं. यंत्रही अडलं; देठाबरोबर मिरचीच फुटे. हे पाप माझ्या माथी, असं मला सारखं वाटे. पण कळमेश्वरच्या एखाद्या कारखान्याने यंत्र उचललं, तर मामाजींच्या हाती काय राहणार? कायदा चुकीचा आहे, असंही म्हणवत नव्हतं.

मग भिवापूरहून त्यांची चुलतबहीण आली. देठ खुडून तिच्या बोटांची इतकी आग होत होती की चहाचा कप धरवेना. मामाजींनी तिच्या बोटांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि दार उघडलं.

"हे पाय ताई, इथून मिरची जाते अन् इथं फुटते, काहून की..." ते मध्येच थांबले. "काहून की लय वाळली हाय! जवाईबापू, आधी पाणी शिंपडाले पायजे!"

"मंग इतके दिवस काय झोपला होता?" ताई म्हणाली.

यंत्र तिच्याबरोबरच भिवापूरला गेलं. गावाने पाहिलं, वापरलं. अर्ज माझ्याकडेच राहिला. तिथला एक लोहार आता तशीच यंत्रं विकतो आणि मामाजी हौसेने त्याच्या चुका दुरुस्त करायला जातात.

परवा मी गेलो, तर पोर्चमध्ये गर्दी होती. मला पाहताच मामाजींनी समोरच्या वस्तूवर घाईघाईने टॉवेल टाकला.

"तुमी नका पाहू, जवाईबापू," ते मायेने म्हणाले. "तुमच्या जिवाले उगाच घोर लागते."

साऱ्या प्रताप नगरात ते काही लपवतात, ते फक्त माझ्यापासून.