रुखमिणीनं आणलेला कुकर

दिघोरीच्या रुखमिणीला कोणी कधी भांडताना पाहिलं नव्हतं. नवरा लवकर गेला. तेव्हापासून तळ्याखालची धानाची शेती तिनं एकटीनं सांभाळली, धनंजयला वाढवलं, त्याचं लग्न केलं. सून आणली ती बपेऱ्याची, उर्वशी. बपेरा म्हणजे भंडारा जिल्ह्याचं पार दुसरं टोक, मध्य प्रदेशच्या सीमेला लागून. एवढ्या लांबच्या पोरीला इथं करमेल का, हीच रुखमिणीची काळजी.

घरात गॅस होता, पण रुखमिणीचा अर्धा सयपाक चुलीवरच व्हायचा. वरण शिजवायचं म्हणजे गंज, म्हणजे पातेलं, ठेवायचं आणि फुंकणी घेऊन बसायचं. उर्वशीचे डोळे धुरानं लाल झालेले तिनं पाहिले आणि लाखांदूरच्या बाजारातून कुकर आणायचं ठरवलं. सुनेला सांगितलंसुद्धा नाही.

जागेश्वरचं भांड्यांचं दुकान बाजारात जुनं. त्यानं तीन-चार कुकर पुढं मांडले. रुखमिणीनं त्यातला सगळ्यात चकचकीत उचलला.

"हाच नेतो म्हन्ता? न्या काकू, चांगला माल आहे. शिक्का पाहा, कंपनीचा आहे," जागेश्वर म्हणाला.

शिक्का होता खरा. रुखमिणीला वाचता येत नव्हतं, पण चिन्ह ओळखीचं वाटलं. उर्वशीनं कुकर पाहिला आणि लहान मुलीसारखी हसली. सासू-सुनेनं त्यात पहिल्यांदा भात लावला तेव्हा शिट्टी ऐकून रुखमिणी दचकून मागं सरकली होती. हळूहळू तिलाही सवय झाली.

रोवण्याचे, म्हणजे धानाच्या लावणीचे, दिवस होते. बाया बांधीवर यायच्या होत्या, त्यांच्यासाठी वरण-भात न्यायचा होता. रुखमिणीनं डाळ धुतली, कुकरात घातली, झाकण लावलं आणि गॅस पेटवला. उर्वशी बाजूला बसून भेंडी चिरत होती. "मी सांबार घेऊन येतो," म्हणून रुखमिणी मागच्या सांदवाडीत गेली. सांबार म्हणजे आमच्याकडं कोथिंबीर. ती खुडत असतानाच घरात फटाक्याच्या माळेतला मोठा बार फुटावा तसा आवाज झाला आणि छपराची कवेलू खाली कोसळली.

रुखमिणी धावली. कुकरचं झाकण छपरातून आरपार गेलं होतं. उकळती डाळ उर्वशीच्या गळ्यावर, छातीवर आणि उजव्या हातावर पडली होती. पोरगी ओरडतही नव्हती. नुसती थरथरत होती. रुखमिणीनं माठातलं पाणी तिच्या अंगावर ओतलं, आणि मग स्वतःच जोरात ओरडली. धनंजय बांधीवरून धावत आला. लाखांदूरला मलमपट्टी झाली, तिथून ॲम्ब्युलन्सनं भंडाऱ्याला नेलं.

लग्नाला सात वर्षं झाली नसतील आणि घरात बाई भाजली, तर दवाखान्याला पोलिसांना कळवावंच लागतं. रुखमिणीला हे ठाऊक नव्हतं. वॉर्डाच्या दारात खाकी कपडे पाहून ती उर्वशीच्या खाटेपाशी जाऊन उभी राहिली. तेवढ्यात उर्वशीची आई, पुष्पाबाई, बपेऱ्याहून पोचली. पट्ट्यांत गुंडाळलेली लेक तिनं पाहिली आणि सगळ्या वॉर्डासमोर रुखमिणीकडं बोट केलं.

"माह्या पोरीले जाळलं तुमी! काहून जाळलं? काय कमी पडलं तुमाले?"



नायब तहसीलदार जबाब घ्यायला आले. सगळ्यांना बाहेर काढलं. उर्वशीला बोलताना गळा दुखत होता, तरी तिनं जे घडलं ते सांगितलं: कुकर आईनं, म्हणजे सासूनं, लावला, आई सांबार आणायला मागं गेली, मी भेंडी चिरत होती, कुकर फुटला. एवढंच. यात एकही शब्द खोटा नव्हता. पण बाहेर आला तो त्यातला एकच तुकडा. कुकर सासूनं लावला आणि स्वतः बाहेर निघून गेली.

गावात हे पसरायला वेळ लागला नाही. कुकर तिनंच आणला, तिनंच लावला आणि नेमकी त्याच वेळी ती बाहेर. पोलिसांनी पंचनामा केला, कुकर आणि झाकण कापडात बांधून, सील लावून नेलं. रुखमिणीला ठाण्यात बोलावून तेच तेच विचारलं. शेवटी अपघात म्हणून प्रकरण बंद झालं. उर्वशी घरी आली. पण पाणवठ्यावर रुखमिणी गेली की बाया बोलायच्या थांबत. पुष्पाबाईनं तर दिघोरीत पाऊल टाकणं सोडलं.

त्याहून वाईट होतं ते रुखमिणीच्या स्वतःच्या मनातलं. पोलिसांनी सोडलं, तिनं स्वतःला सोडलं नाही. शिट्टीचं भोक साफ केलं होतं का? डाळ जास्त तर नव्हती झाली? झाकण तिरपं बसलं का? ती धनंजयला विचारायची, उर्वशीला विचारायची, आणि काही उत्तर मिळालं तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारायची. जेवण तुटलं, ताटातला भात तसाच राहायचा.

"आई, तुमी लावला म्हणून सांगितलं मी. तुमी जाळलं म्हणून नाही सांगितलं," उर्वशी एकदा रडवेली होऊन म्हणाली.

"मले मालूम आहे, बाई. पण फुटला तर माह्याच हातानं ना?"

काही महिन्यांनी ठाण्यातून निरोप आला, तुमचा कुकर घेऊन जा. धनंजय म्हणाला, नेऊन भंगारात देतो. रुखमिणी म्हणाली, तळ्यात टाक, मला डोळ्यांसमोर नको. दोघं ठाण्यात गेले तेव्हा तिथल्या महिला हवालदारानं गाठोडं हातात देताना थांबवलं.

"हे फेकू नका. कुकर फुटला, तर तो बनवणाऱ्याले अन् विकणाऱ्याले जाब विचारता येते. लाखांदूरच्या कोर्टात विधी सेवेचं ऑफिस आहे, बाईले तिथं वकील फुकट मिळते. जाऊन तर पाहा."

धनंजय जायला तयार झाला. रुखमिणी नाही. "कोर्टात पुन्हा माहंच नाव निघंल. जे झाकलं ते कायले उघडाचं?" यावर उर्वशी पहिल्यांदाच सासूवर चिडली.

"झाकलं कुठं आहे? रोज तर उकरून राहिल्या तुमी! एकदा कोणी शहाणा माणूस पाहू द्या ना, कुकर काहून फुटला ते!"

त्यांना वकील मिळाली ती रुपाताई. आंधळगावची, साधी, भराभर बोलणारी. तिनं कुकर उलटासुलटा पाहिला, पण आपण त्यातलं काही सांगू शकत नाही म्हणाली. "हे तपासायला प्रयोगशाळा असतात. आपण आयोगाला तीच विनंती करू." मग तिनं समजावून सांगितलं. भंडाऱ्याला ग्राहक आयोग आहे, लोक अजून त्याला ग्राहक मंच म्हणतात. वस्तूत दोष असेल आणि त्यानं माणूस जखमी झाला, तर भरपाई मागता येते. दोन वर्षांच्या आत जावं लागतं, आणि ती अजून उलटली नव्हती.

"पण वकीलबाई," रुखमिणीनं विचारलं, "चूक माही निघाली तर?"

"तर निघेल. पण काकू, तुम्हाला खरं कळायला पाहिजे की नको?"

रुखमिणीनं कुकर तिच्याकडं सरकवला. मग म्हणाली, "करा."

उर्वशीच्या नावानं तक्रार दाखल झाली. कुकरवर छापलेल्या पत्त्यावर आयोगाची नोटीस गेली आणि परत आली. त्या नावाची कंपनी तिथं नव्हतीच. राहिला जागेश्वर. तो आयोगासमोर आला तेव्हा घाबरलेला होता, आणि त्याच्या वकिलानं दोनच गोष्टी लावून धरल्या. एक, कुकर विकत घेतला सासूनं, मग सून ग्राहक कशी? दोन, म्हातारीला कुकर लावता आला नाही, त्यात दुकानदाराचा काय दोष?

पहिल्याचं उत्तर रुपाताईनं लगेच दिलं. विकत घेणाऱ्याच्या संमतीनं जो वस्तू वापरतो, तोही कायद्यानं ग्राहकच. घरातला कुकर काय फक्त बिल देणाऱ्यानंच लावायचा? दुसऱ्यासाठी आयोगानं कुकर तपासणीला पाठवला.

अहवाल आला त्या तारखेला रुखमिणी सुनेसोबत मागच्या बाकावर बसली होती. पदराचं टोक तिनं मुठीत घट्ट धरलं होतं. अध्यक्षांनी अहवालातलं वाचलं आणि मग, समोर खेड्यातल्या बाया बसल्यात हे पाहून, साध्या शब्दांत सांगितलं. झाकणावर शिट्टीशिवाय आणखी एक छोटा वाल, म्हणजे व्हॉल्व्ह, असतो. शिट्टी अडली, आत वाफ जास्त झाली, तर तो वितळून वाफ बाहेर सोडतो. या कुकरचा वाल वितळणाऱ्या धातूचा नव्हताच. साध्या धातूची गोळी नुसती ठोकून बसवली होती. कुकरवरचा शिक्काही बनावट होता.

जागेश्वरचा वकील उठला. "पण शिट्टीचं भोक बाईंनी साफ केलं नसेल तर?"

"नसेल केलं," अध्यक्ष म्हणाले. "तो वाल त्याचसाठी असतो. घरात कधीतरी कोणाकडून चूक होणारच, हे धरूनच तो बसवतात. बाईंनी सगळं चुकीचं केलं असतं, तरी हा कुकर फुटायला नको होता."

रुखमिणीला शेवटचं वाक्य तेवढं कळलं, पण खरं वाटेना. तिनं उर्वशीकडं वळून पाहिलं. "काय म्हन्ले ते?"

"तुमची चूक नाही म्हन्ले, आई."

रुखमिणी उठून बाहेर व्हरांड्यात गेली आणि भिंतीला टेकून रडली. मोकळी, हुंदके देऊन. येणारी-जाणारी माणसं थांबून पाहत होती, तिला पर्वा नव्हती.

त्याच व्हरांड्यात जागेश्वर मोबाइल कानाला लावून घाईघाईनं बोलत होता. "गॅस बंद कर! आपल्या घरचा कुकर तोच आहे ना, आधी बंद कर! अन् जवळ नको जाऊ!" फोन ठेवून तो तिथंच पायरीवर बसला. मग रुखमिणीपाशी आला. "काकू, नागपूरच्या एका ठोकवाल्यानं माल दिला. शिक्का पाहिला अन् घेतला मी. माफ करा." रुखमिणीनं डोळे पुसले. "ज्याईले विकला त्याईले सांग आधी," एवढंच म्हणाली.

आयोगाचा निकाल उर्वशीच्या बाजूनं लागला. बनवणाऱ्याचा पत्ता लागत नाही, तेव्हा विकणाऱ्याला जबाबदारी टाळता येणार नाही, असं त्यात होतं. उपचाराचा खर्च आणि सोसलेल्या त्रासाची भरपाई द्यायची होती, उरलेले कुकर दुकानातून काढायचे होते. पैसे हाती यायला वेळ लागला, पण आले. जागेश्वरनं ठोकवाल्यावर वेगळा दावा लावला. आणि आजूबाजूच्या गावांतून त्यानं ते कुकर परत गोळा केले, हे मात्र त्याच्या नावावर लिहावंच लागेल.

धनंजयनं निकाल बपेऱ्याला फोनवर कळवला. दुसऱ्याच दिवशी पुष्पाबाई पहिल्या बसनं निघाली, दोन गाड्या बदलून दुपारी दिघोरीत उतरली. रुखमिणी अंगणात धान वाळत घालत होती. पुष्पाबाई फाटकाशीच थांबली.

"ईहीनबाई, मी लई वाईट बोलली. आत येऊ काय?"

रुखमिणीनं हातातलं सूप खाली ठेवलं. "या ना वो. माही पोरगी तशी पडून राहिली असती तर मीबी तेच बोलली असती."

पुष्पाबाई चार दिवस राहिली. दोघी विहिणी मिळून तळ्यावर कपडे धुवायला गेल्या, तेव्हा बायांनी जागा करून दिली आणि कोणी बोलायचं थांबलं नाही.

मागच्या उन्हाळ्यात उर्वशीच्या मामेबहिणीचं लग्न होतं. इतके दिवस ती लांब बाह्यांचा ब्लाउज शिवून घ्यायची आणि उजवा हात पदराखाली ठेवायची. यावेळी तिनं शिंप्याला आखूड बाह्या सांगितल्या. मांडवात एका म्हातारीनं तिचा हात धरून विचारलं, "हे काय झालं वो बाई?" उर्वशीनं हात मागं घेतला नाही. म्हणाली, "कुकर फुटला होता, आजी. खराब माल होता." आणि वाढायला घेतलेलं बुंदीचं ताट घेऊन पुढच्या पंगतीत गेली. रुखमिणी पलीकडच्या ओळीत जेवत होती, तिनं ते ऐकलं. तिनं आणखी थोडा भात मागून घेतला.